उडता उडता शिकणारं विमान, आणि त्याने काय शिकू नये

विमानाच्या कंट्रोल सिस्टीमबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्यातही ॲडॅप्टिव्ह कंट्रोलबद्दल, म्हणजे विमानाचं एरोडायनॅमिक्स आपल्याला नीट माहीत नाहीये किंवा उडता उडता ते बदलतंय, अशा वेळी कंट्रोलरने आपले आकडे आपणच बदलत राहायचे, हा विषय. ऐकायला इतकं साहजिक वाटतं की मग हे सगळ्याच विमानांत का नाही असं कोणीही विचारेल. मीही विचारायचे. मग जसजसं वाचत गेले आणि कॉम्प्युटरवर छोटी छोटी सिम्युलेशन्स करून बघत गेले तसतसं माझं एक मत पक्कं होत गेलं: विमानाला शिकवायचं कसं याची पहिली चांगली रीत १९५८ मध्येच सापडली होती, त्यानंतरची सगळी वर्षं गेली ती त्याने काय शिकू नये आणि कधी गप्प बसावं हे शोधण्यात.

आधी माहीत नसतं म्हणजे नेमकं काय माहीत नसतं ते बघू.

एलेव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा हलता पृष्ठभाग) एक डिग्री हलवला तर नाक किती जोरात वर जाईल हे मुख्यतः डायनॅमिक प्रेशरवर ठरतं, म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग आणि त्याचं निम्मं. वेग दुप्पट झाला की तोच एक डिग्रीचा एलेव्हेटर चौपट जोर लावतो, आणि उंचीवर गेलं की हवा विरळ म्हणून जोर घटतो. त्यामुळे एकच गेन सगळीकडे चालत नाही, खाली वेगात तो जास्त होतो आणि वर हळू असताना कमी पडतो. (गेन म्हणजे चूक दिसली की कंट्रोलर किती जोरात उत्तर देणार तो आकडा, पुढे हा शब्द सारखा येणार आहे.) पण एवढ्यासाठी शिकायची गरजच नाही. वेग आणि उंची मोजता येते, मग प्रत्येक वेगा-उंचीला कुठला गेन वापरायचा याचं टेबल आधीच बनवून ठेवायचं आणि उडताना त्यातून आकडा उचलायचा. याला गेन शेड्युलिंग म्हणतात, आणि फ्लाय-बाय-वायर (वैमानिकाची कमांड कॉम्प्युटरमार्फत तारांतून पोचणारी) विमानं वर्षानुवर्षं मुख्यतः याच पद्धतीवर सुरक्षित उडतायत, हे आधीच सांगून टाकते कारण ॲडॅप्टिव्हवाले लोक कधीकधी याला फारच जुनाट म्हणून बाजूला सारतात.

पंचाईत होते ती टेबलाच्या मागच्या आकड्यांची. हे आकडे, म्हणजे एरोडायनॅमिक कोइफिशंट्स, येतात विंड टनेलमधून, कॉम्प्युटरच्या फ्लो सिम्युलेशनमधून आणि शेवटी खऱ्या उड्डाणांतून. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन, कमी असतो तोवर ते बऱ्यापैकी बरोबर निघतात. अँगल वाढला की पंखावरचा प्रवाह सुटायला लागतो, नाकावरून निघणारे भोवरे डावीकडे-उजवीकडे सारखे राहत नाहीत, आणि यॉमध्ये, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळण्यात, विमान कुठे खेचलं जाईल हे नाकाच्या टोकाशी असलेल्या बारीकशा फरकावरही ठरू शकतं. माख १ च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या, आसपास शॉक वेव्ह पंखावर सरकते आणि लिफ्टचं केंद्र मागे जातं. पंखावर बर्फ धरला तर प्रवाह नेहमीपेक्षा आधीच सुटतो. हायपरसॉनिक वेगाला तर असं एकही टनेल नाही जिथे खऱ्या उड्डाणाचा माख नंबर, रेनॉल्ड्स नंबर (विमानाचा आकार, वेग आणि हवेची घनता-चिकटपणा यांचा मिळून आकडा) आणि तापमान हे सगळं एकाच वेळी आणि पुरेसा वेळ जुळवता येईल. आणि पंखाचा तुकडाच उडाला तर टेबल काय कामाचं, ते ज्या विमानासाठी बनवलं होतं ते विमानच आता हवेत नाहीये.

एक्स-१५ हे या सगळ्याचं टोकाचं उदाहरण. रॉकेटवर चालणारं विमान, बी-५२ बॉम्बरच्या पंखाखालून सोडलं जायचं, वातावरणाच्या जवळपास बाहेर जायचं आणि परत यायचं. वर टोकाला डायनॅमिक प्रेशर जवळजवळ शून्य, तिथे एलेव्हेटर-रडर हलवून काहीच होत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडचे छोटे जेट सोडून विमान वळवावं लागतं, आणि काही मिनिटांत तेच विमान दाट हवेत माख ५ ने शिरतं. तीन एक्स-१५ बनली, त्यातल्या तिसऱ्यात मिनियापोलिस-हनीवेल कंपनीचा एमएच-९६ नावाचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर बसवला. या तिसऱ्या विमानाचं पहिलं उड्डाण २० डिसेंबर १९६१ ला नील आर्मस्ट्राँगने केलं, तोच, चंद्रावरचा.

एमएच-९६ ची कल्पना फार सुंदर होती आणि ती समजावून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एरोडायनॅमिक्स मोजायच्या भानगडीत तो पडतच नाही. तो फक्त गेन वाढवत नेतो, वाढवत नेतो, सिस्टीम अगदी थरथरायच्या बेताला येते तिथपर्यंत, आणि ठरलेल्या फ्रीक्वेन्सीची ती बारीक थरथर दिसली की गेन थोडा कमी करतो. हॉलमधला साउंडवाला माईकचा आवाज वाढवत नेतो आणि स्पीकर कुईं करायला लागला की बटण जरासं मागे घेतो, अगदी तसंच. गेन कायम शक्य तितका वरचा, त्यामुळे खालची हवा दाट असो की विरळ, वैमानिकाच्या हाताला विमान साधारण एकसारखंच लागणार. वरच्या जेट्सपासून खालच्या एलेव्हेटरपर्यंतचा बदलही तोच सांभाळायचा, वैमानिकाला वेगळं काही करायला नको. ही सिस्टीम वर्षानुवर्षं चालली आणि ज्यांनी उडवली त्यांनी तिची तारीफ केली.

१५ नोव्हेंबर १९६७ ला मेजर मायकेल ॲडम्स तिसरं एक्स-१५ घेऊन २,६६,००० फुटांवर गेले, म्हणजे ८१ किलोमीटर. चढताना विमानातल्या एका प्रयोगाच्या उपकरणामुळे इलेक्ट्रिकल गडबड सुरू झाली, कंट्रोल सिस्टीमवर तिचा परिणाम झाला, आणि विमानाचं नाक हळूहळू मार्गापासून बाजूला वळायला लागलं. समोरच्या इंडिकेटरचा काटा त्या वेळी रोल, म्हणजे विमानाचं कुशीवर कलणं, दाखवत होता, तो यॉचा समजला गेला असावा असं चौकशीत निघालं. खाली येताना विमान माख ५ ला स्पिनमध्ये गेलं. इतक्या वेगात, इतक्या उंचीवर स्पिन याचा अनुभव जगात कोणालाच नव्हता. आणि ॲडम्स त्यातून बाहेर आले, साधारण १,१८,००० फुटांवर, हे मला कायम लक्षात ठेवावंसं वाटतं, माणूस स्पिनमधून बाहेर आला होता. विमान उलटं, माख ४.७ च्या डाइव्हमध्ये होतं, पण उंची हातात होती.

तिथे एमएच-९६ अडकला. पिचमध्ये मोठी लिमिट सायकल सुरू झाली, म्हणजे विमानाचं नाक ठराविक तालात वर-खाली, वर-खाली. हवा दाट होत चाललीये, डायनॅमिक प्रेशर चढत चाललंय, म्हणजे गेन झपाट्याने खाली यायला हवा, आणि नेमक्या त्या ऑसिलेशनमुळे गेन बदलणारा भाग गेन उतरवू शकला नाही. मागचे कंट्रोल सरफेस जितक्या वेगाने हलू शकतात त्या मर्यादेवर जाऊन आपटत राहिले, मग वैमानिकाच्या स्टिकला उत्तर द्यायला त्यांच्यात काही शिल्लकच राहिलं नाही. साधारण ६०-६५ हजार फुटांवर, १५ जी च्या (स्वतःच्या वजनाच्या १५ पटीच्या) पलीकडचे भार घेत विमान तुटलं. एक्स-१५ ची एकूण १९९ उड्डाणं झाली, त्यात जीव गेलेलं हे एकच.

या अपघातामुळे ॲडॅप्टिव्ह कंट्रोलचं नाव पुढे कितीतरी वर्षं खराब झालं. ते सगळंच न्याय्य होतं असं मला वाटत नाही, कारण सुरुवात इलेक्ट्रिकल बिघाडाने आणि चुकीच्या वाचल्या गेलेल्या इंडिकेटरने झाली होती. पण शेवटच्या त्या सेकंदांत वैमानिक आणि वाचणं यांच्या मध्ये जो उभा राहिला तो ॲडॅप्टिव्ह गेनच होता, त्यामुळे प्रश्न टाळताही येत नाही.

आता थिअरीकडे वळते, कंटाळा करू नका कारण खरी मजा इथे आहे.

१९५८ मध्ये एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्ये व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी वाट काढली. विमानाने कसं वागावं असं आपल्याला वाटतं त्याचं एक आदर्श मॉडेल कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं, वैमानिकाची कमांड खऱ्या विमानाला आणि मॉडेलला एकदमच द्यायची, दोघांच्या वागण्यातला फरक काढायचा आणि तो फरक ज्या दिशेने कमी होईल त्या दिशेने गेन सरकवत राहायचे. यालाच मॉडेल रेफरन्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोल म्हणतात, आणि त्या पहिल्या नियमाला एमआयटी रूल. १९६६ मध्ये पार्क्सने दाखवून दिलं की हा नियम काही परिस्थितीत स्वतःच अस्थिर होतो, आणि ल्यापुनोव्हच्या पद्धतीने (चुकीचं माप कधी वाढत नाही हे दाखवून स्थिरता सिद्ध करायची गणिती रीत) नियम नव्याने बांधला तर स्थिर राहील याची गणिती खात्री देता येते. त्यानंतर वर्षानुवर्षं काम होऊन १९८० च्या सुमाराला बऱ्याच व्यापक सिस्टीम्ससाठी सिद्धता मिळाल्या.

त्या सिद्धतेत एक अट असते आणि ती वाचताना डोळ्यांवरून सहज निसटते. समीकरणाचा आकार माहीत आहे, फक्त त्यातले आकडे माहीत नाहीत, अशी ती अट. लिफ्ट किती, पिचिंग मोमेंट किती, हे माहीत नसलं तरी चालेल. पण खऱ्या विमानात समीकरणात न लिहिलेलं बरंच काही असतं: ॲक्च्युएटरला (कंट्रोल सरफेस हलवणाऱ्या यंत्रणेला) लागणारा वेळ, फ्यूजलाज (विमानाचं धड) आणि पंखांचं वाकणं-थरथरणं, सेन्सरचे फिल्टर, कॉम्प्युटरचा डिले. एरोडायनॅमिक्सचं अज्ञान हे पहिल्या प्रकारचं, आकड्यांचं अज्ञान, आणि हे दुसरं म्हणजे आकाराचंच अज्ञान. ॲडॅप्टिव्ह कंट्रोल पहिल्यावर औषध म्हणून घेतात आणि ते बाधतं दुसऱ्यामुळे.

हे सगळ्यात ठसठशीतपणे दाखवलं रोर्स, वालावानी, अथान्स आणि स्टाइन या चौघांनी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांचं उदाहरण इतकं छोटं आहे की कोणीही घरच्या कॉम्प्युटरवर करून बघू शकतं आणि मी तर म्हणेन या विषयात रस असेल तर बाकी काही करायच्या आधी हे करा. कंट्रोलरला वाटतं समोरची सिस्टीम अगदी साधी, पहिल्या ऑर्डरची आहे, २ भागिले (एस अधिक १). (ही ट्रान्सफर फंक्शनची, म्हणजे इनपुटवरून आउटपुट सांगणाऱ्या सूत्राची भाषा, एस हे त्यातलं चल.) खऱ्यात तिच्या मागे आणखी एक झटपट आणि चांगला डँपिंग असलेला तुकडा जोडलाय, २२९ भागिले (एसचा वर्ग अधिक ३० एस अधिक २२९). हा तुकडा इतका झटपट आहे की रोजच्या वागण्यात त्याचा पत्ताही लागत नाही. पण १६.१ रेडियन प्रति सेकंद या फ्रीक्वेन्सीला दोघांचा मिळून फेज (आउटपुटची लाट इनपुटच्या किती मागे पडते ते) बरोब्बर उणे १८० अंश होतो, म्हणजे तिथे चिन्हच उलटतं, कंट्रोलर जे आवरायला जातो ते तो ढकलतो. तिथली लूपची (आउटपुट मोजून परत कंट्रोलरकडे नेणाऱ्या चक्राची) ताकद हिशोब करून काढली तर फीडबॅक गेन सुमारे १७ च्या वर गेला की लूप अस्थिर, हे कागदावरच निघतं.

आता कमांड स्थिर ठेवा, समजा २, आणि मोजलेल्या आउटपुटमध्ये १६.१ च्या फ्रीक्वेन्सीची छोटी साईन वेव्ह मिसळा, ०.५ उंचीची. सुरुवातीला सगळं छान दिसतं, आउटपुट जाऊन २ वर बसतं, वर थोडी थरथर. आउटपुटचाच ग्राफ बघत बसलात तर म्हणाल झालं काम. गेनचा ग्राफ उघडा. तो एका दिशेने सरकतोय, हळू, पण न थांबता, आणि परत मागे येत नाहीये.

का सरकतोय याचं कारण मला जेव्हा कळलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. गेन बदलायचा नियम म्हणतो: चूक गुणिले आउटपुट, त्या प्रमाणात गेन हलवा. मोजलेल्या आउटपुटमध्ये नॉईज आहे, आणि चूक त्याच मोजलेल्या आउटपुटवरून काढलीये म्हणजे चुकीतही तोच नॉईज आहे. दोन्हींचा गुणाकार केला की नॉईजचा वर्ग येतो. वर्ग कधी ऋण होत नाही! नॉईज वर जाऊ दे खाली जाऊ दे, सरासरीत तो गेनला कायम एकाच बाजूला ढकलणार. दुसरीकडे, कमांड स्थिर असल्यामुळे फीडबॅकचा गेन आणि कमांडचा गेन या दोघांना मिळून एकच अट पाळायची असते, आउटपुट २ यायला हवं एवढीच. दोन अज्ञात आणि समीकरण एक, म्हणजे दोघं हातात हात घालून एका रेषेवरून कितीही लांब सरकू शकतात आणि आउटपुटला त्याचा पत्ता लागत नाही. रेषेवर १७ चा आकडा येईपर्यंत सगळं शांत असतं. मग लपलेला तुकडा जागा होतो आणि काही सेकंदांत ग्राफ पानाबाहेर.

म्हणजे बघा, कंट्रोलर शिकत होता, मन लावून शिकत होता, पण शिकण्यासारखं समोर काही नव्हतंच. विमान सरळ उडत असताना त्याच्या एरोडायनॅमिक्सबद्दल नवी माहिती जवळजवळ येत नाही, ती येते हालचालीतून. थिअरीत याला पर्सिस्टंट एक्सायटेशन म्हणतात: खरे आकडे कळायला हवे असतील तर इनपुट पुरेसं हलतं हवं. पण प्रवासी बसलेले विमान उगाच हलवत तर ठेवता येत नाही. मग माहिती नसताना जो शिकतो तो नॉईज शिकतो. माझ्या मते या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि पुस्तकांत ती प्रमेयांच्या गर्दीत दबून जाते.

यावरचे उपाय पुढच्या काही वर्षांत आले आणि सगळेच एका अर्थाने आवर घालण्याचे आहेत. चूक ठराविक मर्यादेपेक्षा लहान असेल तर शिकणं बंद, तो डेड झोन. गेनला कायम मूळ किमतीकडे हळूहळू ओढत ठेवायचं, ते सिग्मा मॉडिफिकेशन, आयोअनू आणि कोकोटोविच यांचं. ती ओढ चुकीच्या आकारावर बेतायची, चूक नसेल तर ओढही नाही, ते ई-मॉडिफिकेशन, नरेंद्र आणि अन्नस्वामी, १९८७. आणि गेनभोवती सरळ कुंपणच घालायचं, या हद्दीबाहेर जायचं नाही, ते प्रोजेक्शन. मला स्वतःला डेड झोन आणि प्रोजेक्शन ही जोडी आवडते. सिग्मावाली ओढ गेन बरोबर असतानाही त्याला हलवत राहते, त्यातून कधीकधी मधूनच ऑसिलेशनचे झटके येतात. कुंपणाचं तसं नाही, कुंपण कुठे घातलं ते कागदावर लिहून दुसऱ्याच्या हातात देता येतं आणि तो दुसरा माणूस कुंपणाच्या आतला प्रत्येक कोपरा तपासू शकतो.

२००० नंतर एल-१ ॲडॅप्टिव्ह कंट्रोल आला, नायरा होवाकिम्यान आणि चेंग्यू काओ यांचा. त्यांनी म्हटलं शिकणं हवं तितकं वेगाने होऊ दे, पण शिकलेलं थेट ॲक्च्युएटरकडे जाऊ द्यायचं नाही, मध्ये लो-पास फिल्टर (फक्त सावकाश बदल पुढे जाऊ देणारा) ठेवायचा. नासाच्या एअरस्टार प्रकल्पातल्या प्रवासी विमानाच्या ५.५ टक्के आकाराच्या मॉडेलवर तो उडवलाही, मोठ्या अँगल ऑफ अटॅकला, जिथलं एरोडायनॅमिक्स टेबलावर विश्वास ठेवण्यासारखं नसतं. २०१४ मध्ये आयोअनू, अन्नस्वामी, नरेंद्र वगैरे मंडळींनी त्यावर कडक टीका करणारा पेपर लिहिला, दोन्ही बाजूंचं वाचण्यासारखं आहे. यातलं शिकण्याच्या प्रचंड वेगाचं कौतुक मला कधी पटलं नाही, पण फिल्टरची कल्पना पटते, कारण ती स्पष्ट सांगते की अमुक फ्रीक्वेन्सीच्या वरचं काही मला कळलं तरी मी त्यावर काही करणार नाही. रोर्सच्या १६.१ ला हे सरळ उत्तर आहे.

एवढा जपून वागायचा विषय आहे तर सोडून का देत नाही असं वाटेल. सोडता येत नाही कारण पंख खरंच तुटतात. १९८३ मध्ये इस्रायली हवाई दलाच्या एका एफ-१५ ची सरावात दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली, उजवा पंख जवळजवळ मुळापासून गेला, आणि वैमानिकाने ते विमान नेहमीच्या दुपटीच्या आसपास वेगाने उतरवलं. त्या रुंद फ्यूजलाजनेच बरीच लिफ्ट दिली आणि बाकीचं त्या माणसाने काही मिनिटांत शिकून घेतलं. १९८९ मध्ये सू सिटीला युनायटेड २३२ चं हायड्रॉलिक पूर्ण गेलं, क्रूने फक्त दोन इंजिनांचा थ्रस्ट कमी-जास्त करून विमान रनवेपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ जण वाचले. दोन्हीकडे शिकणारा कंट्रोलर माणूसच होता. तेच मशीनला जमावं म्हणून एक्स-३६ या शेपटीशिवायच्या छोट्या विमानावर १९९८ च्या डिसेंबरात न्यूरल नेटवर्कवाला कंट्रोलर उडवून बघितला, आणि पुढे रॉकवेल कॉलिन्स कंपनीने डार्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या) कार्यक्रमात एफ-१८ च्या छोट्या मानवरहित मॉडेलचा एका पंखाचा सुमारे ६० टक्के भाग हवेत मुद्दाम सोडून दिला आणि ते स्वतःहून उतरलं. त्याचा व्हिडिओ बघताना अजूनही अंगावर काटा येतो.

पण वैमानिक आत असेल तर एक नवाच गुंता होतो. वैमानिकही शिकत असतो. विमान जरा जड लागलं की तो स्टिक जास्त ओढतो, लागलीच सवय करून घेतो. त्याच वेळी कंट्रोलरही गेन वाढवत असेल तर दोघांची सुधारणा एकावर एक चढते, विमान एकदम जास्त उत्तर देतं, वैमानिक मागे घेतो, कंट्रोलरला परत चूक दिसते, आणि दोघं एकमेकांच्या मागे धावायला लागतात. नासाने एफ-१८ वर २०१०-११ मध्ये साध्यापासून गुंतागुंतीच्यापर्यंत वेगवेगळे ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर वैमानिकांच्या हातात दिले, खोटे बिघाड घालून, ते मुख्यतः हेच बघायला. सिम्युलेशनमध्ये एरर किती कमी झाला याचे आलेख छापणाऱ्या पेपर्समध्ये हा माणूस बहुतेक वेळा दिसतच नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आणि सर्टिफिकेशन. साध्या कंट्रोलरला विचारतात गेन मार्जिन ६ डेसिबल आहे का, फेज मार्जिन ४५ अंश आहे का (अस्थिर व्हायला अजून किती जागा शिल्लक आहे त्याची ही मापं), आणि उत्तर आकड्यात देता येतं. सतत बदलणाऱ्या गेनला हा प्रश्न कुठल्या क्षणी विचारायचा? म्हणून लोक टाइम डिले मार्जिनकडे वळले, लूपमध्ये किती मिलिसेकंद उशीर घातला तर सिस्टीम मोडते ते मोजायचं. ते बरं आहे, पण ते बहुतेक सिम्युलेशनवर सिम्युलेशन चालवूनच काढावं लागतं.

इथे मला सगळ्यात आवडलेलं काम येतं, आणि ते विमानाचं नाही, रॉकेटचं आहे. नासाच्या एसएलएस रॉकेटमध्ये ॲडॅप्टिव्ह ऑगमेंटिंग कंट्रोल नावाचा भाग आहे. खालचा मूळ कंट्रोलर नेहमीचा, तपासलेला, टेबलवाला. त्याच्या वर फक्त एक गुणक, साधारण एकच्या आसपास राहणारा, वरची आणि खालची हद्द आधीच ठरवलेला. रॉकेट आदर्श मॉडेलपासून फारच भरकटायला लागलं तर गुणक वाढतो. कंट्रोल कमांडमध्ये नको त्या फ्रीक्वेन्सीची थरथर दिसायला लागली, म्हणजे रॉकेटचं वाकणं किंवा टाक्यांमधल्या इंधनाचं हिंदकळणं लूपमध्ये शिरतंय असं दिसलं, तर गुणक कमी होतो. आणि यापैकी काही नसेल तर तो हळूहळू परत एककडे येतो. उद्देशच असा लिहिलेला होता की सगळं ठीक असताना याने काही करू नये.

नीट बघितलं तर हा एमएच-९६ चाच नातू आहे, थरथर दिसली की गेन उतरव. पण एमएच-९६ कायम काठावर उभा राहायचा, गेन वर नेणं हाच त्याचा धर्म होता. याला तसं काही कारण नसताना वर जायचंच नसतं, त्याची विश्रांतीची जागा १ हा आकडा आहे, आणि तिथे मूळ कंट्रोलरची मार्जिन्स जशीच्या तशी असतात म्हणून सर्टिफिकेशनवाल्यांना पकडायला काहीतरी हातात येतं. या भागाच्या चाचण्या २०१३ च्या शेवटी एका एफ-१८ वर झाल्या, विमानाला रॉकेटसारखं वागायला लावून. नासाच्या ज्या केंद्रात त्या झाल्या त्याला काही महिन्यांनी, २०१४ मध्ये, नील आर्मस्ट्राँगचं नाव दिलं गेलं. १६ नोव्हेंबर २०२२ ला आर्टेमिस १, म्हणजे एसएलएसचं पहिलं उड्डाण, निघालं तेव्हा हा भाग त्यात होता, ॲडम्सच्या उड्डाणाला ५५ वर्षं आणि एक दिवस झाला होता.

२०१० मध्ये डायडेक, अन्नस्वामी आणि लव्हरेट्स्की यांनी एक्स-१५ चं ते उड्डाण परत सिम्युलेट केलं आणि आजच्या ल्यापुनोव्ह पद्धतीचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर असता तर विमान स्थिर राहिलं असतं असं दाखवलं. पेपर चांगला आहे, नक्की वाचा. फक्त वाचताना हे डोक्यात ठेवा की काय बिघडणार आहे ते आपल्याला आता माहीत आहे.

हल्ली न्यूरल नेटवर्कमुळे सगळं परत जोरात सुरू झालंय आणि नेटवर्क उडता उडता सगळंच शिकेल असं म्हणणारे बरेच भेटतात. मला त्यातलं कॅलटेकचं न्यूरल-फ्लाय पटतं, २०२२ मधलं. ड्रोनला जोरदार वाऱ्यात स्थिर उडवायचं होतं, वारा ताशी ४३ किलोमीटरपर्यंत. त्यांनी वेगवेगळ्या वाऱ्यांतल्या उड्डाणांचा एकूण १२ मिनिटांचा डेटा घेऊन नेटवर्क आधीच, जमिनीवर शिकवून ठेवलं, म्हणजे वारा ड्रोनवर साधारण कोणकोणत्या तऱ्हांनी जोर लावू शकतो हे. उडताना नेटवर्कला हातच लावायचा नाही, फक्त त्या तऱ्हा कोणत्या प्रमाणात मिसळायच्या ते मोजके आकडे बदलायचे, आणि ते बदलायचा नियम जुन्याच ॲडॅप्टिव्ह कंट्रोलच्या घराण्यातला, स्थिरतेच्या सिद्धतेसकट. बदलणारे आकडे मोजकेच असले की प्रत्येकाचा ग्राफ उघडून बघता येतो, कुठला एका दिशेने सरकत चाललाय आणि त्याची मर्यादा किती लांब आहे ते. मी सध्या रोर्सच्या उदाहरणावर हीच रचना लावून बघतेय, १६.१ ची साईन वेव्ह तशीच ठेवून. डेड झोन काढला की गेन अजूनही सरकतो, आधीपेक्षा हळू, पण सरकतो.